टरफलाचा रंग

अंडीवाल्याकडे दोन ढीग असतात. एकीकडे तीस-तीसच्या ट्रेमध्ये रचलेली पांढरी अंडी आणि दुसरीकडे टोपलीत भुसा पसरून ठेवलेली तांबूस, बदामी, लहानमोठी अंडी. दुसऱ्या ढिगाचा भाव दुपटीच्या घरात, कधी त्याहूनही वर. गिऱ्हाईक विचारते, "गावठीच आहेत ना?" अंडीवाला म्हणतो, "रंग बघा की ताई." ताई रंग बघतात, पैसे देतात आणि विषय मिटतो.

हे छोटे पुस्तक त्या "रंग बघा की"ची उलटतपासणी आहे. टरफलाच्या रंगावरून कोंबडीची जात बरीचशी कळते. तिचे गेले एक-दोन दिवस कसे गेले, तेही थोडेफार कळते. आत काय आहे ते मात्र अजिबात कळत नाही, आणि आपण जादा पैसे मोजतो ते नेमके या तिसऱ्या गोष्टीसाठी. कोंबड्या पाळणाऱ्यांना यातला पहिला भाग ठाऊक असतो, पशुवैद्यांना दुसरा. खाणाऱ्यांपर्यंत यातले काही पोहोचत नाही, म्हणून पुढची पाने तिघांना एकत्र बसवून लिहिली आहेत.

सुरुवात कोंबडीच्या पोटातून करावी लागते. बीजांडकोशातून बलक सुटतो आणि अंडनलिकेत उतरतो. पुढच्या तीन तासांत त्याभोवती पांढऱ्याचे थर चढतात, मग तासाभरात दोन पातळ पडदे बसतात. इथवर सगळे झपाट्याने होते. नंतर अंडे कवचग्रंथीत जाते आणि तिथे सुमारे वीस तास मुक्काम करते. या मुक्कामात त्याच्यावर चुनखडीचे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक चढत राहतात. तयार टरफलाचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग तोच असतो. हे काम मुख्यतः रात्री चालते. पोटातले खाद्य संपत आले की कोंबडी स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढून टरफलाला देते. लेअर कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्याचा चुरा घालतात तो याचसाठी. एकूण हिशेब पंचवीस-सव्वीस तासांचा होतो. म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा अंडे घालते आणि मग एखादा दिवस खाडा करते.

या वीस तासांतला बहुतेक काळ टरफल पांढरेच असते. तपकिरी रंग चढतो तो शेवटच्या काही तासांत, बाहेरच्या थरावर आणि त्यावरच्या पातळ सायीवर. तपकिरी अंडे फोडा, आतला पडदा नखाने सोलून काढा आणि टरफल आतून पाहा. पांढरे, फार तर किंचित मळकट. म्हणजे ज्या रंगाचे आपण पैसे देतो तो कोंबडीने दाराबाहेर पडताना मारलेला हात आहे. निळ्या अंड्याची गोष्ट वेगळी. ते आतबाहेर निळेच असते, कारण तो रंग टरफल घडत असतानाच त्यात मुरत जातो. त्याच निळ्यावर शेवटी तपकिरी हात फिरला की अंडे हिरवे दिसते. जगातल्या यच्चयावत कोंबड्यांच्या अंड्यांचे रंग या दोनच द्रव्यांत बसतात.

ही द्रव्ये वर्णपटात तपासली ती एका पोलादवाल्याने. शेफील्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी हा धातू सूक्ष्मदर्शकाखाली घालून पाहण्याच्या शास्त्राचा जनक मानला जातो. घरची सुबत्ता होती, कुतूहल कशाचेही होते. वर्णपट पाहण्याचे उपकरण हाती होते, तर त्याने पक्ष्यांची टरफले विरघळवून त्यांचेही वर्णपट पाहिले आणि १८७५ साली त्यावर निबंध लिहिला. त्याने दिलेली नावे आज कोणी वापरत नाही. आज तपकिरी द्रव्याला प्रोटोपोर्फिरिन म्हणतात आणि निळ्या-हिरव्याला बिलिव्हर्डिन. नावे अवघड असली तरी दोन्ही द्रव्ये आपल्या ओळखीची आहेत. रक्ताला लाल करणारे हीम तयार होते ते प्रोटोपोर्फिरिनमध्ये लोह बसल्यावर, आणि हीम मोडले की बिलिव्हर्डिन उरते. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग चार दिवसांनी हिरवट होतो तो याच बिलिव्हर्डिनमुळे. एक रंग रक्ताच्या उंबरठ्यावर लोहाविना थांबलेला, दुसरा रक्ताच्या मोडतोडीतून निघालेला. मात्र ही द्रव्ये कोंबडी वाहत्या रक्तातून उचलत नाही, कवचग्रंथीच्या पेशी ती जागेवरच बनवतात.

इथे बाजारातला एक वाद मिटवून टाकतो. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून विकतात, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते आणि लबाडी करणारे असतातही. पण त्यावर घरोघर जी परीक्षा सांगतात, लिंबू किंवा व्हिनेगर लावून चोळा, रंग निघाला तर अंडे खोटे, ती परीक्षा चुकीची आहे. अस्सल तपकिरी अंडे वाटीभर व्हिनेगरमध्ये ठेवून पाहा. लगेच बारीक बुडबुडे येऊ लागतात. चुनखडी आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटणारच. काही मिनिटांनी अंगठ्याने घासा. तपकिरी साय अंगठ्याला येते आणि खाली पांढरे टरफल उघडे पडते. रंग वरच्या थरातच होता, थर विरघळला, रंग गेला. या परीक्षेत प्रामाणिक अंडीवालासुद्धा नापास होतो. त्यापेक्षा नोटा तपासायची जांभळी टॉर्च मिळाली तर अंधाऱ्या खोलीत तिचा झोत अंड्यावर टाका. प्रोटोपोर्फिरिन अतिनील प्रकाशात लालभडक चमकते. ताज्या तपकिरी अंड्याची ती लाली एकदा पाहिली की विसरत नाही. चहाचा रंग तसा चमकत नाही. अंडी उन्हात पडून असतील तर मात्र ही लालीही उतरते.

आता जातीकडे. पाळणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की कोंबडीच्या कानाची पाळी पाहावी. पाळी पांढरी तर अंडे पांढरे, पाळी लाल तर अंडे तपकिरी. लेगहॉर्न, मिनोर्का, अँकोना या भूमध्य समुद्राकाठच्या जातींना तो चपखल लागू पडतो. र्‍होड आयलंड रेडलाही. पण इंग्लंडच्या डॉर्किंगची पाळी लाल आणि अंडे पांढरे, आणि निळी अंडी घालणाऱ्या अरॉकानाची पाळीही लालच. पाळीचा आणि कवचग्रंथीचा शरीरात काही संबंध नाही. विशिष्ट प्रदेशात विशिष्ट कोंबड्या एकत्र वाढल्या, त्यांची ही दोन लक्षणे जोडीने चालत आली, एवढेच.

तपकिरी अंड्याचा पसारा वाढला तो चीनमुळे. १८४० च्या दशकात अफूच्या युद्धानंतर चिनी बंदरे युरोपीय जहाजांना खुली झाली आणि तिथून अवाढव्य, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेत पोहोचल्या. कोचीन हे त्यांतल्या एकीचे नाव. आपल्या केरळातल्या कोचीनशी तिचा काही संबंध नाही. ब्रह्मा ही दुसरी. तिचे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले, पण तिचे पूर्वज बव्हंशी शांघायहून आलेले. या कोंबड्यांनी लोकांना अक्षरशः वेड लावले. १८४९ साली बॉस्टनला मोठे कोंबडीप्रदर्शन भरले, एकेका जोडीला डोळे पांढरे होतील अशा किमती आल्या. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या चतुर व्यापाऱ्याने १८५२ साली आपल्या कोंबड्या थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केल्या आणि तीन वर्षांनी या सगळ्या वेडाची टर उडवणारे पुस्तकही स्वतःच लिहून विकले. दोन्हीकडून नफा. वेड ओसरले, पण त्या आशियाई रक्ताच्या संकरातून अमेरिकेच्या ईशान्येकडे र्‍होड आयलंड रेड आणि प्लीमथ रॉक उभ्या राहिल्या. र्‍होड आयलंडने तर १९५४ साली आपल्या लाल कोंबडीला राज्यपक्षी करून टाकले. त्या भागात आजही गिऱ्हाईक तपकिरी अंडे मागते, उरलेली अमेरिका बहुतांशी पांढरे खाते. इंग्लंडची आवड तपकिरी. इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँडला नाश्त्याला पांढरे अंडे चालत नाही, त्याला फ्रान्सच्या मारान कोंबडीचे तपकिरीच लागते. हेराला कोंबडीची जात विचारून अंडे खाताना दाखवणे हे १९५७ सालच्या इंग्रज वाचकाला छानछोकीचे लक्षण वाटत असणार.

आपल्याकडे पांढऱ्याचे राज्य आले ते व्यवसायाच्या हिशेबाने. पांढऱ्या लेगहॉर्नच्या वंशातली कोंबडी अंगाने हलकी असते, कमी खाते आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि १९८२ साली पुण्यातून राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे काम उभे राहिले. रविवार-सोमवारची ती जाहिरात याच समितीची. तोवर अंडे म्हणजे परसातल्या कोंबडीचे, डालग्यातून बाजारात येणारे. नंतर अंडे म्हणजे ट्रेमधले पांढरे. गंमत अशी की पांढरे सर्वत्र झाले तशी तपकिरीची किंमत वाढली, आणि 'गावठी' या शब्दात र्‍होड आयलंड रेडपासून वनराजा, गिरिराजापर्यंतच्या, प्रक्षेत्रांवर तयार झालेल्या सुधारित जातीही मुकाट्याने येऊन बसल्या. त्यांची अंडी तपकिरी असतात. गावठी असतातच असे नाही.

या पुस्तकातले माझे आवडते प्रकरण निळ्या अंड्याचे आहे. साल्वादोर कास्तेल्यो हे स्पेनचे कुक्कुटतज्ज्ञ १९१४ साली चिलीत गेले. तिथे त्यांनी शेपटी नसलेल्या, कानांजवळ पिसांचे झुपके असलेल्या आणि निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्या पाहिल्या. दक्षिण चिलीतल्या मापुचे लोकांनी त्या सांभाळलेल्या. १९२१ साली हेगला जागतिक कुक्कुट परिषद भरली, तेव्हा कास्तेल्यो यांनी ही कोंबडीची निराळीच प्रजाती असावी असे सांगितले. पुढे त्यांनी स्वतःच ते दुरुस्त केले. ती आपलीच पाळीव कोंबडी होती. कोलंबसाच्या आधी पॅसिफिक ओलांडून कोंबडी दक्षिण अमेरिकेत पोहोचली होती का, हा वाद या कोंबड्यांभोवती अजून धुमसतो आहे.

निळ्या रंगाचा आनुवंशिक हिशेब १९३३ साली केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी लावला. शाळेत वाटाण्याच्या संकराचा चौकटीचा तक्ता काढतो, त्याला ज्यांचे नाव आहे तेच हे पनेट. तपकिरी रंगाला अनेक जनुके लागतात, म्हणून तपकिरीच्या इतक्या छटा. निळ्याला एकच पुरते आणि ते प्रभावी असते. आई किंवा बाप कोणा एकाकडून ते आले तरी अंडे निळसर होते. कोंबड्याची मात्र पंचाईत. तो अंडे घालत नाही, मग त्याच्याकडे हे जनुक आहे की नाही ते कसे ओळखायचे? पुढे कळले की हे जनुक तुऱ्याच्या आकाराच्या जनुकाला अगदी चिकटून आहे. बुटक्या तीन ओळींचा, वाटाणा-तुरा म्हणून ओळखला जाणारा तुरा असलेला नर निवडला तर निळ्याची शक्यता बरीच वाढते. अंड्याचा रंग डोक्यावर लिहिलेला सापडावा, असा प्रकार.

पण हे जनुक आले कुठून? उत्तर २०१३ साली चिनी आणि ब्रिटिश संशोधकांच्या दोन गटांकडून आले आणि ते कोणी कल्पिले नसते. यकृतात पित्तद्रव्यांची ने-आण करणारे एक जनुक सगळ्याच कोंबड्यांत असते. निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांत त्या जनुकाशेजारी एका जुन्या विषाणूचा तुकडा कायमचा घुसलेला आहे. त्याने हे यकृतातले जनुक कवचग्रंथीत चालू करून टाकले आणि बिलिव्हर्डिन टरफलात उतरू लागले. चीनमध्ये डोंगशियांग आणि लुशी या कोंबड्याही निळी अंडी घालतात. त्यांच्यातही तोच विषाणू सापडला, पण घुसण्याची जागा किंचित निराळी. म्हणजे हा अपघात चीनमध्ये एकदा आणि चिलीकडे एकदा असा स्वतंत्रपणे घडला. दोन्हीकडच्या माणसांना निळे अंडे आवडले आणि त्यांनी ती कोंबडी कापली नाही, ठेवली.

याला जोडूनच कडकनाथचे सांगतो, कारण कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणवर्गात तिचा प्रश्न हमखास येतो. झाबुआची ही कोंबडी कातडीपासून हाडांपर्यंत काळी. २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या नावावर आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची फसवणूकही झाली. तिची अंडीही काळी असतात म्हणून चित्रे फिरतात. तसे काही नसते. अंगाचा काळा रंग मेलॅनिनचा आहे आणि टरफलात मेलॅनिन उतरत नाही. कडकनाथचे अंडे फिकट बदामी असते, आपल्या गावठी तलंगेच्या अंड्याशेजारी ठेवले तर वेगळे काढता येणार नाही. खरोखर गडद अंडे पाहायचे तर इमूचे पाहावे. इमूपालनाची लाट येऊन गेली तेव्हा अनेकांनी ते हाताळले आहे. तो काळपट हिरवा रंगही बिलिव्हर्डिनचाच.

टरफलाला रंग मुळात लागतो कशाला, यावर पक्षिशास्त्रज्ञांनी ढीगभर लिहिले आहे. मी एकच प्रकरण दिले आहे. माळावर खड्यांत अंडी घालणाऱ्या टिटवीला ठिपके हवेत, नाहीतर अंडी दिसतील. दरडीच्या बिळातल्या खंड्याला आणि ढोलीतल्या पोपटाला लपवायचे काही नाही, त्यांची अंडी पांढरी. कोकिळेला कावळ्याच्या हिरवट ठिपकेदार अंड्यांत आपले खपवायचे असते. थंड प्रदेशांतल्या पक्ष्यांची अंडी सरासरीने गडद असतात, ऊन शोषून ऊब धरण्यासाठी असावे. आणि २०१८ साली यास्मिना वीमान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हीच दोन रंगद्रव्ये पक्ष्यांच्या पूर्वजांकडे, काही डायनासोरांच्या अंड्यांतही होती. आपल्या कोंबडीला यातले कुठलेच कारण आज लागू नाही. तिचे रानातले पूर्वज फिकट बदामी अंडी घालतात. स्वच्छ पांढरे आणि चॉकलेटी ही दोन्ही टोके माणसाने निवड करकरून ओढलेली आहेत. तपकिरी अंडे निसर्गाचे आणि पांढरे कारखान्याचे, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

पौष्टिकतेबद्दल थोडक्यातच लिहिले आहे, कारण लिहिण्यासारखे फार नाही. सारख्याच खाद्यावर वाढलेल्या दोन कोंबड्यांच्या पांढऱ्या आणि तपकिरी अंड्यांत प्रथिनांचा, मेदाचा लक्षात घेण्याजोगा फरक नसतो. बलक केशरी असतो तो कोंबडीने मका, हिरवा पाला, किडे खाल्ले म्हणून. तोही पक्का पुरावा नव्हे, कारण झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळून पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही हवा तेवढा केशरी करता येतो आणि करतात. गावठी अंड्याला जास्त पैसे द्यावेत, या मताचा मी आहे. पण ते पाळणारणीच्या कष्टांचे. तिची कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, मधेच खुडूक बसते, पिल्ले मुंगूस आणि घार नेतात, आणि एवढ्यातून उरलेली डझनभर अंडी ती बाजाराला आणते. ताकद जास्त म्हणून दाम जास्त, असे म्हटले की तिच्या कष्टाचा हिशेब पुसला जातो आणि रंगवलेल्या अंड्याला वाट मोकळी होते.

शेवटचे प्रकरण पाळणाऱ्यांसाठी आहे आणि तेच सर्वांत कामाचे. तपकिरी अंड्याचा रंग शेवटच्या काही तासांत चढत असल्यामुळे त्या तासांत कोंबडीवर जे गुदरते ते टरफलावर उतरते. कुत्रा खुराड्यात शिरला, फटाके वाजले, गर्दीत भांडणे झाली, की अंडे ग्रंथीत अडकून राहते किंवा वेळेआधी बाहेर पडते. ते फिके येते नाहीतर वर चुन्याची पूड बसलेली दिसते. कोंबडी वयाने वाढली की अंडी मोठी होतात, रंग तेवढाच राहतो, मग तो पसरून विरळ दिसतो. यात घाबरण्यासारखे नाही. पण सगळ्या कळपाची अंडी दोन दिवसांत एकदम पांढुरकी पडली तर आधी खाद्याची गोणी उघडा. निकार्बाझिन हे रक्तीहगवणीवरचे औषध ब्रॉयलरच्या खाद्यात घालतात. ते लेअरच्या पोटात गेले तर एक-दोन दिवसांत तपकिरी रंग उडतो, उबवणीलाही फटका बसतो. खाद्य बदलले की रंग परत येतो. गोणी बरोबर असेल आणि फिक्या अंड्यांबरोबर टरफले पातळ, खडबडीत किंवा वेडीवाकडी येत असतील, कोंबड्या शिंकत असतील, तर तो मानमोडीचा किंवा श्वासनलिकेच्या विषाणूचा इशारा असू शकतो. पांढऱ्या अंड्यांच्या शेडमध्ये रंगाची ही खूण मिळत नाही, तिथे टरफलाची जाडी आणि पोत हातानेच चाचपावा लागतो. अशा वेळी लसीची नोंदवही आणि कालची-आजची चार-चार अंडी घेऊन पशुवैद्याकडे जा. नुसते तोंडी सांगू नका, अंडी दाखवा.